निगेटिव्हची सुलटी बाजू

लातुरात जुनी फिल्म कॅमेऱ्यानं उतरवून देणारं माझ्याइतकं चोख दुसरं कुणी नाही, हे मी आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की बाई फार मिजास करते. करते मिजास. काम येतं म्हणून करते.

दुकान आमच्या दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. त्यांनी स्टुडिओ टाकला तेव्हा त्या रस्त्यावर एक पिठाची गिरणी, एक सायकलवाला आणि उन्हात झोपलेली कुत्री, एवढंच होतं. आता त्याच रस्त्यावर मान वर केली तर आभाळ दिसत नाही, क्लासचे फलक दिसतात. दर मजल्यावर क्लास, दर गल्लीत होस्टेल, होस्टेलखाली मेस, मेसशेजारी झेरॉक्स. पोरं चाकूरहून येतात, रेणापूरहून येतात, पार तिकडं नायगावहून येतात, आणि आल्या आल्या सगळ्यांना फोटो लागतो. मागं पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. मी एकेकाला स्टुलावर बसवते. "हनुवटी खाली घे. अरे, खाली म्हणजे छातीत नको घालू. डॉक्टर व्हायचंय ना तुला? मान कुठं असते तेवढं तरी माहीत असू दे." पोरगं हसतं, मग मी ओरडते की हसू नको. पोट ह्या धंद्यावर चालतं, त्याला मी नावं ठेवत नाही.

जीव मात्र रमतो मागच्या खोलीत. ती दादांची डार्करूम. लाल दिवा, औषधांचे ट्रे, दोरीला लटकणारे ओले फोटो, ते सगळं गेलं. एन्लार्जर तेवढा मी भंगारात जाऊ दिला नाही. निगेटिव्हवरून मोठा फोटो करायचं ते यंत्र. त्याचं डोकं काढून टाकलं आणि उभ्या दांड्यावर माझा कॅमेरा बसवला, तोंड खाली करून. त्याच्या खाली पांढऱ्या उजेडाची सपाट पाटी. पाटीवर काळ्या पुठ्ठ्याची चौकट, फिल्मवरचा एकच फोटो दिसेल एवढ्या भोकाची. फिल्म चौकटीत सरकवायची, वरून कॅमेऱ्यानं तिचाच फोटो घ्यायचा, मग कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं करायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणावं! कॅमेरा केसभर तिरका असला की फोटोचा एक कोपरा स्वच्छ येतो आणि दुसरा धुरकट. मी गवंड्याची पाणसळ आणून लावली, तरी समाधान होईना. शेवटी फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवला. कॅमेऱ्यातून बघताना त्या आरशात कॅमेऱ्याचं भिंग बरोब्बर मधोमध दिसलं, की समजायचं सरळ बसलाय. तेव्हापासून दर सकाळी आधी आरसा, मग चहा.

त्यातून वरच्या मजल्यावर फिजिक्सचा क्लास. सरांनी फळ्यावर हात आपटला की माझा दांडा थरथरायचा आणि फोटो हलायचा. एक दिवस माझं डोकं सटकलं. जिना चढून गेले आणि दारातूनच म्हणाले, "सर, तुमचं ते गुरुत्वाकर्षण जरा हळू शिकवा. खाली माझे फोटो हलायलेत." अख्खा वर्ग खदखदून हसला. सर बिचारे भले माणूस. आता मधली सुट्टी झाली की तेच जिन्यातून हाक मारतात, "ताई, पोरं खाली गेली, घ्या उरकून!"

हे काम सुरू झालं ते बायोलॉजीच्या एका रिटायर प्राध्यापकांमुळं. त्यांनी स्लाइडचे डबे आणले होते. पुठ्ठ्याच्या छोट्या चौकटीत रंगीत फिल्मचा एकेक तुकडा, उजेडापुढं धरला की चित्र दिसतं. कांद्याची साल, भाकरीवरची बुरशी, बेडकाचं रक्त, सगळं त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून काढलेलं. अर्ध्या स्लाइडांना खरीच बुरशी लागली होती आणि डबा उघडला की आंबूस वास यायचा. मी एकेक पुसून, रबरी फुग्याच्या हवेनं धूळ उडवून, उतरवून दिली. सर मोबाइलवर बघतच राहिले. म्हणाले, "अगं, माझ्या वर्गात इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं." झालं. सरांनी गावभर सांगितलं आणि लोक घरातले डबे, पाकिटं, रिळं घेऊन यायला लागले.

आता एक गोष्ट समजावून सांगते, ती कळली की पुढचं सगळं कळेल. निगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकाकणारी आणि एक मंद. ती पालथी ठेवली की फोटोत डावं-उजवं फिरतं. डावखुरा नवरदेव उजवा होतो. फिल्मच्या कडेला बारीक आकडे छापलेले असतात, ते सरळ वाचता आले तर बाजू बरोबर. पण माझ्या चौकटीत कडा झाकल्या जातात, आणि दर वेळी फिल्म उचलून आकडे कोण वाचत बसणार? मी आपली सोपी खूण केली होती. पडद्यावर फोटो आला की बायकांचा पदर बघायचा. डाव्या खांद्यावर असला तर सुलटं, उजव्यावर दिसला तर उलटं, बटण दाबून फिरवायचं. मारवाड्यांची लग्नं तेवढी सोडायची, त्यांचा पदर मागून पुढं येतो. बाकी डोळे झाकून पदर. दादांना हे कळलं असतं तर त्यांनी भुवई उंचावली असती. पण दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

एका रविवारी दुपारी एक बाई आल्या. तिशीच्या पुढच्या, पंजाबी ड्रेस, घसा बसलेला. बसलेल्या घशावरून मी ओळखलं, क्लासच्या मॅडम. नांदेडला एका मोठ्या क्लासात केमिस्ट्री शिकवायच्या आणि रविवारी इथल्या शाखेत यायच्या. मी म्हटलं, "फोटो कशाला हवाय, फॉर्मला का फलकाला?" त्या म्हणाल्या, "माझा नको. माझ्या आईचा हवाय. तुमच्या वडिलांनी काढला असला तर."

त्यांचं गाव औशाच्या पलीकडचं, भूकंपात बसलेलं. नाव लिहीत नाही. त्या साली गणपतीला त्यांची मावशी धाकट्या बहिणीकडं, म्हणजे त्यांच्या आईकडं, राहायला आली होती. मावशीला मूलबाळ नव्हतं. जाताना बहिणीची दीड वर्षाची लेक तिनं चार दिवस खेळवायला म्हणून नांदेडला नेली. विसर्जन झालं आणि पहाटे गाव गेलं. आई, बाप, आजी, आजोबा, काका, सगळे. चार दिवसांसाठी आलेली पोर मावशीकडंच राहिली.

"घरातलं भांडं मिळालं नाही, फोटो कुठला मिळणार?" मॅडम म्हणाल्या. त्यांनी गावातल्या वाचलेल्या माणसांना विचारून बघितलं होतं. पण नवी सून, डोक्यावर पदर घेऊन घरात वावरणारी. तिचा चेहरा कुणाच्या ध्यानात राहणार? एक म्हणे गोरी होती, दुसरी म्हणे सावळी. खात्रीनं सांगू शकणारं एकच माणूस उरलं होतं, मावशी. आणि मावशीला काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलेला, दुसऱ्यातली नजर कडेकडेनं कमी होत चाललेली. "आज दिसतंय ते उद्या दिसेलच असं डॉक्टर सांगत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "फोटो मिळाला तर आत्ताच मिळायला हवा, ताई. नंतर मिळून ही माझी आई आहे असं मला सांगणार कोण?"

त्यांना एवढंच ठाऊक होतं की भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांच्या धाकट्या काकाचं लग्न झालं आणि फोटोवाला लातूरहून आला होता. मी विचार न करता म्हणाले, "मिळेल." माझी सवयच ती. गिऱ्हाइकाला मी 'बघू' म्हणत नाही.

त्या गेल्या आणि मी जीभ चावली. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी मॅडमना ठाऊक नव्हती. मोकळा फ्लॅश. तेव्हा फिल्म मोजकी असायची आणि लग्नात आहेर करणाऱ्या प्रत्येकाला नवरा-नवरीबरोबर फोटो पाहिजे असायचा. नाही म्हटलं तर रुसवा! मग सगळेच फोटोवाले एक करायचे. कॅमेरा डोळ्याला लावायचा, "हां, इकडं बघा" म्हणायचं, आणि नुसता फ्लॅश उडवायचा. फिल्म जागची हलायची नाही. पाव्हणा खूश, नवरदेव खूश. दादाही करायचे. मॅडमच्या आईपुढं दादांनी नुसता उजेड पाडला असला, तर मी काय उतरवणार होते?

भूकंपाच्या सकाळी दादा कॅमेरा घेऊन त्या गावांकडं गेले होते. मी तेव्हा कॉलेजात होते. ते परत आले ते हाताची सालपटं निघालेले, अंगभर माती. कॅमेऱ्यातली फिल्म तशीच कोरी. एकही फोटो काढला नाही, दगड उपसत बसले. त्यानंतर त्यांनी एक केलं. त्या पट्ट्यातल्या गावांची जेवढी लग्नं, बारशी त्यांनी काढली होती, तेवढ्या सगळ्या निगेटिव्ह वेगळ्या काढून एका पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि सांगितलं की बाकीचं काय वाटेल ते करा, ही पेटी फेकायची नाही. त्यामुळं शोधाशोध करावी लागली नाही. पेटी उघडली, बटर पेपरच्या पुड्यांवर पेन्सिलीनं गावांची नावं, त्यात मॅडमचं गाव.

फिल्म पार चिकटली होती. ओढली असती तर चेहरे सोलून निघाले असते. स्वच्छ पाण्यात भिजत घातली, बोटाच्या टोकानं हलक्या हातानं सोडवली, चिमटे लावून सावलीत वाळवली. त्या दिवशी मी फॉर्मच्या फोटोवाल्या पोरांनाही दारातून वाटेला लावलं. वाळल्यावर पहिली पट्टी चौकटीत घातली, कॉम्प्युटरवर बघितलं, तर सगळ्या बायकांचे पदर उजवीकडं. "हात्तिच्या!" मी स्वतःलाच म्हणाले. "पालथी घातली की काय?" आणि अख्खं लग्न एका बटणात फिरवून टाकलं. पदर डावीकडं आले, जीव थंड झाला, पुढच्या कामाला लागले.

मॅडमनी एक खूण दिली होती. त्या लग्नासाठी मावशीनं भाचीला कुंची शिवली होती आणि तिच्या पाठीवर दुसऱ्या कापडाची मोठी चांदणी लावली होती. मी एकेक फोटो मोठा करून चांदणी शोधत राहिले. जेवणाच्या पंगती, वाजंत्री, रुखवत, रडणारी नवरी. आणि मग मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या चार-पाच बायका. त्यातल्या एकीच्या कडेवर लेकरू, पाठमोरं, तिच्या मानेला मिठी मारून. पाठीवर चांदणी! मी खुर्चीतून उठले आणि एकटीच टाळ्या वाजवल्या. कडेवर घेतलेली बाई विशीतली असेल. मोठं कपाळ, दात दिसतील असं हसू, ती कॅमेऱ्याकडं बघत होती आणि बाकीच्या खाली बघत होत्या. दादांनी मोकळा फ्लॅश मारला नव्हता. माझे दादा ते!

पुढच्या रविवारी मॅडम आल्या. आधी त्यांनी चांदणीला हात लावला. "ही मी," म्हणाल्या. मग वर त्या बाईच्या चेहऱ्याकडं बघितलं. "हीच असेल ना हो ताई?"

"हीच. लेकरानं मिठी कशी मारलीय बघा. आईशिवाय कुणाला मारेल?"

"पण मावशीनं सांगायला पाहिजे."

"सांगतील की."

मोठा फोटो करून दिला. तो छातीशी धरून मॅडम बस धरायला गेल्या. मला आपलं वाटलं, झालं काम. दोन दिवसांनी फोन आला. आवाज अगदी सपाट. "ताई, मावशी म्हणते ही ती नाही. मी फोटो धरला आणि तिनं लांबूनच सांगितलं, 'ही आमच्या घरची बाई न्हाई.' लग्नात लेकरू कुणाच्याही कडेवर जातं, नाही का? कुणीतरी पाव्हणीनं घेतलं असेल. तुम्ही खूप केलंत. मी बाकी कुणाला विचारणार नाही आता." आणि थँक्यू म्हणून ठेवला.

मला इतका राग आला म्हणून सांगू! आधी मावशीचा. अर्ध्या डोळ्यानं लांबून बघून निकाल देणारी ही कोण? मग त्या थँक्यूचा. मॅडम भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग राग उतरला आणि वाईट वाटायला लागलं, फार वाईट. मी सगळे फोटो परत बघितले. चांदणी दुसऱ्या कुणाच्या कडेवर नव्हती. ही नसेल तर मॅडमची आई त्या लग्नात मोकळ्या फ्लॅशपुढं उभी राहून निघून गेली होती, आणि आता तिचा चेहरा कुठंच नव्हता. मॅडमनी दोन दिवस ज्या बाईला आई म्हणून बघितलं, तिला आता परकी म्हणून कपाटात ठेवायचं. हे मला सहन होईना.

नवरा म्हणाला, "अगं, फोटो दिलास, झालं."

"झालं कसं? माझं काम आहे ते."

सकाळची बस धरली. लॅपटॉप मांडीवर, निगेटिव्हची पट्टी पुस्तकात दाबून पर्समध्ये. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा आलं, मी आपली मनातल्या मनात मावशीशी भांडतेच आहे. म्हणावं, मावशी, नीट बघा. कुंची तुमची, लेकरू तुमचं, मग बाई कुणाची? नांदेडच्या स्टँडवर मॅडम घ्यायला आल्या होत्या. त्यांचा चेहरा बघून मी भांडण गिळून टाकलं. रिक्षानं घरी गेलो.

दार मावशीनंच उघडलं. ठेंगणी, काटक बाई, मान एका बाजूला कलती करून बघायची सवय लागलेली. "कोण हाय गं?"

मी तिच्या खांद्याकडं बघत उभी राहिले. नऊवारी नाही, साधी पाचवारी, निऱ्या आपल्यासारख्याच, पदर आपल्यासारखाच पाठीवर सोडलेला. पण उजव्या खांद्यावर.

"मावशी," मी म्हणाले, "तुमचा पदर असा कसा?"

"असा कसा म्हंजे? आमच्यात असाच असतो. माहेरी बी असाच, सासरी बी असाच. तिकडं कर्नाटकाच्या अंगाला सगळ्या अशाच घेतात. हितं गल्लीतल्या हसायच्या आधी. हसा म्हणलं. म्या न्हाई बदलला."

"अगं बाई गं!" मी कपाळावर हात मारून घेतला, चांगला जोरात. मॅडम घाबरल्या. लातुरात जन्म काढला, बाजारच्या दिवशी अशा पदराच्या कितीतरी बायका बघितल्या असतील, पण कॅमेऱ्यामागं बसलं की माझ्या डोक्यात एकच पदर. मावशीला त्या फोटोतला चेहरा लांबून दिसलाच नव्हता. तिला दिसला होता डाव्या खांद्यावरचा पदर. तो बघून ती म्हणाली होती, आमच्या घरची बाई नाही. अगदी बरोबर म्हणाली होती. तिच्या घरच्या सगळ्या बायकांना मी एका बटणात दुसऱ्या घरच्या करून ठेवलं होतं.

चप्पल काढायचीही शुद्ध राहिली नाही. पर्समधून पट्टी काढली, खिडकीपाशी गेले, उजेडापुढं धरली. कडेचे आकडे सरळ वाचता येतील अशी धरली आणि बघितलं. पदर उजवीकडं. मी पट्टी कधी पालथी घातलीच नव्हती. दादांनी काढलं ते बरोबर, मी ठेवलं तेही बरोबर, वरून शहाणपणा तेवढा जादा.

"मॅडम, लॅपटॉपला जागा करा," मी म्हणाले. "मावशी, तुम्ही इकडं बसा. ज्या डोळ्यानं दिसतं तो डोळा ह्या बाजूला. फोटोची बाजू चुकली होती. आता सुलटा दाखवते."

बटण दाबलं. लग्न फिरलं. मी फोटो मोठा केला, मांडवाचा खांब बाहेर गेला, नुसती ती बाई आणि लेकरू राहिलं. मावशीनं तोंड पडद्याच्या अगदी जवळ नेलं. तिला एका वेळी थोडंच दिसायचं, म्हणून ती मान हलवत हलवत बघत होती. आधी चांदणीपाशी थांबली. "माझा टाका हाय ह्यो," म्हणाली. मग पदरावरून वर सरकली. मग चेहऱ्यावर आली आणि तिची मान हलायची थांबली. मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुखायला लागलं.

"दात काढून हासायली बघा!" मावशी एकदम ओरडली. "किती डाव सांगितलं हिला, चार लोकांत हासताना पदर लाव तोंडाला. आयकंल तर शपथ. अगं माझे बाई... अगं माझे बाई गं..." आणि पडद्यावरच्या गालावर बोटं फिरवायला लागली. "हीच की. हीच हाय. माझी धाकली हाय ही."

मी रडले. फोटोवालीनं रडू नये असा काही कायदा नाही. मॅडम मात्र रडल्या नाहीत. त्या खाली बसल्या, मावशीच्या गुडघ्याला टेकून, आणि तिच्या गालाला गाल लावून बघायला लागल्या.

"मावशी, पण मी हिच्यासारखी कुठं दिसते गं? तू तर म्हणायचीस, अगदी आईवर गेलीस."

"मग काय सांगू? चार-पाच वर्साची पोर तू. रोज आरशापुढं हुभी राहून इचारायचीस, आई कशी होती म्हणून. फोटू न्हाई, काय न्हाई. म्हणलं, आरशात बघ, अशीच होती." मावशीनं डोळे पुसले. "तू बापावर गेलीस. कपाळ बी बापाचं, नाक बी बापाचं. हिचं काय बी न्हाई तुझ्यात."

मला वाटलं, आता ह्यांना धक्का बसणार. सबंध जन्म आरशात जी आई बघितली ती नव्हतीच. पण मॅडमच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झाल्यासारखं झालं. त्या परत फोटोकडं वळल्या आणि आता त्यांनी स्वतःला शोधायचं सोडलं. मॅडम त्या बाईला बघायला लागल्या. तिचं कपाळ, तिचे दात, लेकराच्या पाठीखाली धरलेला तिचा हात. मी उठून पाणी प्यायले, कुणी विचारलं नसताना स्वतःच माठातून घेऊन. परत आले तेव्हा मॅडम विचारत होत्या, "मावशी, तेव्हा मला बोलता येत होतं?"

"थोडं थोडं. चुरूचुरू."

"मी हिला काय म्हणायचे?"

मावशीनं मान त्यांच्याकडं वळवली. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "आई न्हवतीस म्हणत," ती म्हणाली. "घरात कानडी चालायची तुमच्या. हितं आणल्यावर तुला मराठी शाळंत घातलं, मग सुटली ती. तू अव्वा म्हणायचीस. दिसभर अव्वा अव्वा करत मागं फिरायचीस, काम करू द्यायची न्हाईस तिला."

शेकडो पोरांपुढं माइकवर बोलणारी ती बाई. ती पडद्याजवळ सरकली. तिनं आवाज अगदी बारीक केला.

"अव्वा," ती म्हणाली.

आणि बाजूला बसलेल्या मावशीनं, मान पडद्याकडंच ठेवून, बहिणीच्या वतीनं ओ दिली.